बॉयलर कोंबडी बसली ती उठेना, आता काय करायचं?

रस्त्यावर घेतलेलं रंगीत पिल्लू मोठं झाल्यावर बॉयलर निघतं. कधी कापायला आणलेल्या कोंबडीला मुलं नाव ठेवतात आणि मग सुरी कुणाला लावता येत नाही. अशा घरची माणसं आमच्या दुकानात येऊन एकच विचारतात, "खाते व्यवस्थित, पण उठत का नाही?"

ही जात मांसासाठीच तयार केलेली. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते. त्या वयाची गावठी अजून ओंजळीत मावते. पाय आणि हृदय या वजनाला पुरे पडत नाहीत.

आधी पायांचे तळवे बघा. काळी खपली आणि सूज असेल, किंवा ओल्या भुशात बसून टाचा लाल झाल्या असतील, तर डॉक्टरांच्या उपचाराने आणि कोरड्या, जाड भुशाने फरक पडतो. फिनिशर, म्हणजे कापायच्या आधी वजन वाढवायचं खाद्य, आम्हीच विकतो, पण पाळायच्या कोंबडीला ते देऊ नका, वजन आणखी चढतं. साधं खाद्य मोजून द्या, पाणी चोचीजवळ ठेवा.

मग पोट हलकेच चाचपा. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागलं, तुरा निळसर पडला, चोच उघडून धापा टाकत असेल, तर हृदय थकलंय. डॉक्टर पोटातलं पाणी काढतात, तिला बरं वाटतं, पण ते बहुतेकदा पुन्हा भरतं. अशी कोंबडी खाणंही सोडून देते तेव्हा इंजेक्शनने शांतपणे जाऊ देणं हीच माया आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. दिवस ढकलू नका.

"नाहीतरी जाणारच, कापून टाकू" असं मात्र करू नका. रोग कापणाऱ्याच्या हातालाही लागू शकतो आणि दिलेल्या औषधाचा अंश मांसात राहतो. चिकनवाल्यालाही देऊ नका.

मान वाकडी, हिरवट हगवण (आपण मानमोडी म्हणतो त्या रोगाची लक्षणं) किंवा दोन-चार पक्षी एकदम मेले, तर उघड्या हाताने शिवू नका. पशुसंवर्धन विभागाला 1962 वर कळवा.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव बैल-घोड्यांचं असलं, तरी तिथे पक्षीही बघतात. नेताना पाय बांधून उलटी धरू नका. एवढ्या वजनाची कोंबडी तशी गुदमरते. भोकं पाडलेल्या खोक्यात जुना टॉवेल घाला, तिला पोटावर बसवा आणि ऊन चढायच्या आत निघा.