पडीक खाणजमिनीचे पुनरुज्जीवन (कोकण)

उत्खनन थांबल्यावर तशीच सोडून दिलेल्या जमिनीची माती, पाणी, वनस्पती व प्राणी तपासून ती सुरक्षित आणि पुन्हा सजीव करण्याची प्रक्रिया. कोकणात रेडी (ता. वेंगुर्ले) व कळणे (ता. दोडामार्ग) येथे लोहखनिज, दापोली-मंडणगड भागात बॉक्साइट, कासार्डे (ता. कणकवली) परिसरात सिलिका वाळू निघते. चिरेखाणी (बांधकामासाठी जांभ्या दगडाचे चिरे काढण्याच्या खाणी) मात्र गावोगावी आहेत आणि दखल सर्वांत कमी त्यांचीच घेतली जाते.

मूल्यमापनात ऋतू निर्णायक ठरतो. जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळपठार, मे महिन्यात काळाठिक्कर कातळ दिसतो. महसुली दप्तरात त्याची नोंद बहुधा पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) अशीच असते. पहिल्या पावसानंतर तिथेच दीपकाडी फुलते, मग गेंद, सीतेची आसवे, तेरडा. कातळावरच्या डबक्यांत बेडूक अंडी घालतात. त्यामुळे जून ते ऑक्टोबर न पाहता केलेली पाहणी अपुरीच म्हणावी लागते. खाणीशेजारचा न खणलेला सडा हा तुलनेचा आधार असतो.

म्हणूनच सड्यावर सरसकट झाडे लावणे हे पुनरुज्जीवन नव्हे. ज्या कातळावर मुळात गवत आणि अल्पायुषी वनस्पतीच होत्या, तिथे आकेशिया या परदेशी झाडांची रांग उभी केली की हिरवळ दिसते, मूळची परिसंस्था परतत नाही. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे आधी पाणी आवरावे लागते: उतारावर टप्पे, चर, गाळ अडवणारे बांध. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लाल गाळ थेट भातखाचरांत उतरतो. जुलै २०२१ मध्ये कळण्यातील खाणीचा बांध फुटून चिखल-पाणी वस्तीत व शेतात शिरले होते. उतार स्थिरावल्यावर वाळा, धायटी, करवंद आणि नंतर ऐन, किंजळ, जांभूळ असा क्रम सोयीचा पडतो. या मातीतील लोह व अॅल्युमिनियमची संयुगे स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात आणि ते झाडांना मिळत नाही, म्हणून नुसत्या रासायनिक खतापेक्षा शेणखत-पालापाचोळा अधिक उपयोगी; उत्खननापूर्वी बाजूला राखलेली वरची माती मिळाली तर उत्तमच.

खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ नुसार खाणपट्टेधारकाला खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्खननानंतर त्या क्षेत्रावर पुन्हा गवत वाढवण्याची अट घालण्यास सांगितले. जांभा गौण खनिजांत (बांधकामाचा दगड, वाळू यांसारखी खनिजे) मोडत असल्याने चिरेखाणींना हे केंद्रीय नियम लागू होत नाहीत. त्यांचे नियमन राज्य शासनाकडे आहे. उभ्या भिंतींचे त्यांचे खड्डे पावसाळ्यात भरतात. निदान एका बाजूने उतार काढून कठडा घातला, तर गुरे-माणसे पडण्याचा धोका कमी होतो आणि काही खड्डे बागायतीच्या पाण्यासाठी वापरता येतात.