निर्यात पतहमी: परदेशातल्या उधारीमागे सरकार का उभे राहिले?

परदेशी उधारीवर माल विकणाऱ्या कारखानदाराला दोन धास्ती असतात. एक, खरेदीदाराचे दिवाळे निघेल. दुसरी जास्त वाईट: खरेदीदार पैसे द्यायला तयार आहे, पण त्याच्या देशात युद्ध पेटले, परकीय चलन आटले किंवा सरकारने पैसे बाहेर पाठवायलाच बंदी घातली. पहिल्या जोखमीचा विमा खासगी कंपन्या उतरवत होत्या. दुसरीला हात लावायची त्यांची तयारी नव्हती.

ही जोखीम सरकारने अंगावर घेणे म्हणजे निर्यात पतहमी. ती पहिल्यांदा दिली ब्रिटनने, १९१९ साली. महायुद्धाने युरोपातल्या बाजारपेठा मोडल्या होत्या आणि मायदेशी बेकारी वाढत होती. म्हणून निर्यात उधारीसाठी स्वतंत्र सरकारी विभाग निघाला. मुळात ही रोजगार वाचवण्याची धडपड होती, हे आजच्या चर्चेत फार लवकर विसरले जाते. जर्मनीने १९२६ मध्ये हर्मेस या विमा कंपनीमार्फत सरकारी हमी सुरू केली. मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, अमेरिकेची एक्झिम (निर्यात-आयात) बँक उभी राहिली. पहिला हेतू सोव्हिएत संघाशी व्यापाराला कर्ज देण्याचा होता. त्याच वर्षी अशा विमा संस्थांची बर्न युनियन ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे कॅनडा (१९४४), फ्रान्स (१९४६), जपान (१९५०) आणि भारत (१९५७) यांनीही आपापल्या संस्था काढल्या.

काम चालते ते असे. निर्यातदार हप्ता भरून पॉलिसी घेतो. यंत्रे रवाना होतात, रक्कम काही वर्षांत फेडायची असते. मध्येच त्या देशाने चलन रोखले, तर ठरलेली मुदत उलटल्यावर संस्था दावा मंजूर करते. पण सहसा पूर्ण रकमेचा नाही. थोडा तोटा निर्यातदाराच्याच माथी ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक पारखून घेण्यात तो ढिलाई करत नाही. मला या सगळ्या रचनेतली हीच तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. पॉलिसी हातात असली की बँकही कमी व्याजाने पैसे देते. दावा दिल्यावर वसुलीचा हक्क संस्थेकडे येतो, आणि कर्जदार सरकारच असेल तर बोलणी धनको देशांच्या पॅरिस क्लबमध्ये होतात. हा क्लब १९५६ मध्ये अर्जेंटिनाच्या थकबाकीतून सुरू झाला.

मग देशादेशांत चढाओढ लागली. व्याज कोण स्वस्त देतो, मुदत कोण लांबवतो, यावर कंत्राटे मिळू लागली आणि फरकाचा भार करदात्यांवर पडू लागला. १९७८ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांनी आपसात नियम ठरवले: किमतीचा किमान १५ टक्के भाग रोख, व्याजाला खालची मर्यादा, परतफेडीला कमाल मुदत. पण १९८२ मध्ये मेक्सिकोने परकीय कर्ज फेडण्याबाबत हात वर केले, पाठोपाठ इतर देशही अडकले आणि या संस्थांवर दाव्यांचा डोंगर कोसळला. ब्रिटनने १९९१ मध्ये अल्पमुदतीचा विमा एका डच कंपनीला विकून टाकला.

तरीही २००९ च्या मंदीत बँकांनी हात आखडले, तेव्हा जी-२० देशांनी व्यापारासाठी २५० अब्ज डॉलरच्या पाठबळाची घोषणा केली, तीत याच संस्थांवर मोठी भिस्त होती.

चीनने १९९४ मध्ये एक्झिम बँक आणि २००१ मध्ये सायनोशुअर ही निर्यात विमा संस्था काढली. ओईसीडीच्या नियमांत मात्र तो नाही. सर्वांना बांधतील असे नवे नियम करायला २०१२ मध्ये बोलणी सुरू झाली. २०२० मध्ये ती थांबवण्यात आली.