पीडीए डिव्हाइस क्लोजर

जन्मानंतर आपोआप मिटायला हवी असलेली, पण उघडीच राहिलेली धमनीनलिका (पेटंट डक्टस आर्टिरिओसस, पीडीए) छाती न उघडता, जांघेतील रक्तवाहिनीतून नेलेल्या कॅथेटरवाटे (बारीक, लवचीक नळीवाटे) बंद करण्याचा उपचार. बोलीभाषेत 'बटण बसवणे' किंवा 'छत्री लावणे' असे म्हणतात.

गर्भावस्थेत ही नलिका फुप्फुस धमनीतील बहुतेक रक्त फुप्फुसे टाळून थेट महाधमनीत सोडते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती एक-दोन दिवसांत आकसते व दोन-तीन आठवड्यांत कायमची मिटते. मिटली नाही तर प्रवाह उलटतो : महाधमनीतील रक्त फुप्फुसांत शिरते व डाव्या जवनिकेवर भार येतो. अपुऱ्या दिवसांची बाळे आणि गरोदरपणी रुबेला झालेल्या मातांची मुले यांत हा दोष अधिक. मुलींत मुलांच्या सुमारे दुप्पट. स्टेथोस्कोपला डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली ऐकू येणारी अखंड घरघर गिब्सन या डॉक्टरने १९०० मध्ये वर्णिली व ती त्याच्याच नावे ओळखली जाते.

इतिहास : जुन्या युरोपीय ग्रंथांत 'बोटालोची नलिका' असा उल्लेख आढळतो. तथापि बोटालो या इटालियन वैद्याने १५६४च्या सुमारास जे पाहिले ते दोन कर्णिकांमधील छिद्र असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नलिका दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेनला ठाऊक होती आणि आरांत्सिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे वर्णनही बोटालोच्याच काळातले आहे. शस्त्रक्रियेने ती बांधण्याचे पहिले प्रसिद्ध यश रॉबर्ट ग्रॉस याचे (बॉस्टन, ऑगस्ट १९३८).

शस्त्रक्रियेविना नलिका बंद करण्याचा मान पूर्व बर्लिनमधील शारिटे रुग्णालयाच्या व्हेर्नर पोर्स्टमानकडे जातो. त्याचा वृत्तांत १९६७ मध्ये छापला गेला; प्रत्यक्ष पहिला उपचार काही लेखक १९६६चा मानतात. जांघेतील धमनीतून तार घालून ती नलिकेतून उजव्या हृदयात व तेथून शिरेवाटे बाहेर काढायची आणि त्या तारेवरून आयव्हॅलॉन या सच्छिद्र प्लास्टिकचे बूच धमनीच्या बाजूने ढकलत न्यायचे, अशी त्याची रीत होती. बूच नलिकेहून जाड असल्याने जांघेची धमनीही तेवढी रुंद लागे. म्हणून लहान मुले वगळली जात. तान्ह्या बाळापर्यंत हा उपचार नेला तो फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंडने, १९७९च्या सुमारास. त्याची दुहेरी छत्री शिरेतून बसवता येई, पण तिच्या कडेने गळती राहण्याचे प्रमाण बरेच होते. १९९२ मध्ये कँबिए व सहकाऱ्यांनी धातूच्या कॉइल (वेटोळी केलेल्या तारा) वापरल्या. त्या स्वस्त पडत. कुर्ट अँप्लाट्झच्या, निटिनॉल (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) जाळीच्या 'अँप्लाट्झर' बुचाचे निष्कर्ष मासुरा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडले आणि मध्यम व मोठ्या नलिकांसाठी तेच रूढ झाले.

मोजमाप : क्रिचेंको व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नलिकेचे आकारानुसार 'ए' ते 'ई' असे पाच प्रकार केले. 'ए' प्रकारात महाधमनीकडचे तोंड रुंद व फुप्फुस धमनीकडचे टोक अरुंद असते. सर्वाधिक आढळतो तो हाच, आणि बूच सर्वांत चांगले बसते तेही यातच. आखूड, खिडकीसारख्या 'बी' व सरळ नळीसारख्या 'सी' प्रकारांत बुचाला अडकायला खोबण नसते.

महाधमनीत डाय (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडून बाजूने (९० अंश) चित्र घेतात व सर्वांत अरुंद जागेचा व्यास मोजतात. हे चित्र नलिकेतून तार किंवा कॅथेटर नेण्यापूर्वीच घ्यावे. स्पर्शाने नलिका आकसते व ४ मिमीची जागा २ मिमीची दिसते. त्या मापाने निवडलेले बूच नलिका सैलावली की सुटते. अँप्लाट्झर बुचाचे फुप्फुसाकडील टोक अरुंद जागेपेक्षा निदान २ मिमी मोठे घेतात. म्हणजे ३ मिमीच्या नलिकेला '८/६' बूच : महाधमनीकडे ८, फुप्फुसाकडे ६ मिमी. कॉइल साधारण २.५ मिमीपर्यंतच्या नलिकेला पुरते. तिच्या वेटोळ्याचा व्यास अरुंद जागेच्या निदान दुप्पट हवा.

कृती : मुलांना भूल देऊन जांघेतील शीर व धमनी टोचतात, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) किलोमागे ५० ते १०० युनिट. कॅथेटर शिरेतून उजव्या हृदयात, फुप्फुस धमनीत व नलिकेतून खालच्या महाधमनीत नेतात. त्यातून लांब तार घालून तिच्यावरून वितरण नळी चढवतात. बूच केबलला आट्यांनी जोडून सलाइनखाली नळीत ओढतात, म्हणजे हवेचा बुडबुडा उरत नाही. महाधमनीत आधी फक्त बुचाच्या टोकाची रुंद तबकडी उघडायची, सगळे मागे ओढून ती नलिकेच्या तोंडाशी टेकल्याचा ताण हाताला जाणवला की केबल स्थिर धरून नळी मागे घ्यायची. उरलेला भाग नलिकेत फुलतो. सुमारे दहा मिनिटांनी पुन्हा चित्र घ्यावे. जागा पटली नाही तर बूच परत नळीत ओढता येते. पटली तरच केबल उलट फिरवून सोडतात.

गुंतागुंत : सुटलेले बूच बहुधा फुप्फुस धमनीत जाते, ते फासाच्या कॅथेटरने काढतात, न निघाल्यास शस्त्रक्रिया. उरलेल्या बारीक फटीतून वेगाने जाणारी धार तांबड्या पेशी फोडते. लघवी गडद लाल होणे ही त्याची पहिली खूण. पेशी फुटत राहिल्या तर दुसरी कॉइल घालून फट बंद करावी लागते. लहान बाळात तबकडी महाधमनीत डोकावते वा बूच डाव्या फुप्फुस धमनीला अरुंद करते. जांघेच्या धमनीत गुठळी झाल्यास पाऊल गार पडते, म्हणून त्या रात्री पायाची नाडी वारंवार तपासतात.

फुप्फुसांचा दाब वाढून रक्त फुप्फुस धमनीतून महाधमनीत वाहू लागले असेल (हाताची बोटे गुलाबी, पायाची बोटे निळसर) तर नलिका बंद करणे घातक ठरते. सीमेवरच्या रुग्णात फुग्याने ती तात्पुरती बुजवून दाब उतरतो का ते पाहतात. ऐकू न येणारी, केवळ इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) सापडलेली नलिका बंद करावी काय, यावर मतभेद आहेत. न करण्याकडे कल अधिक दिसतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच्या पिकोलो या छोट्या बुचाला अमेरिकेत २०१९ मध्ये ७०० ग्रॅमपासून पुढच्या वजनासाठी मान्यता मिळाली. यात बाळाची धमनी टोचत नाहीत. जागेची खात्री इकोवर करतात. भारतात जन्मजात हृदयदोषांची शोधमोहीम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून चालते. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला.

उपचारानंतर सहा महिने दातांच्या कामाआधी प्रतिजैविक देतात; गळती उरली तर ही खबरदारी पुढेही पाळतात.