हार्डवेअर लॉक (डोंगल)

हार्डवेअर लॉक : विकत घेतलेले सॉफ्टवेअर एका वेळी एकाच संगणकावर चालावे म्हणून त्यासोबत दिलेले, पोर्टला लावायचे छोटे उपकरण. छापखान्यात त्याला नुसते ‘लॉक’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या प्रेसमध्ये ते डीटीपीबरोबर, म्हणजे संगणकावरच्या पानजुळणीबरोबर आले. श्री-लिपी, आकृती, आयएसएम या भारतीय भाषा टाइप करण्याच्या पॅकेजांच्या अनेक आवृत्त्या लॉकसह विकल्या जात, आणि एकाच लग्नपत्रिकेवर मराठी व कन्नड जुळवायचे तर अशा पॅकेजची गरज पडेच. कर्नाटक सरकारचे कन्नड टायपिंगचे नुडी मोफत आणि बिनलॉकचे असल्याने, जिथे कन्नड त्यावर टाइप होई तिथे लॉक रुसले की कन्नड चालू, मराठी बंद अशी गत होते.

त्याआधीचा प्रकार की-फ्लॉपीचा. १९८३ सालचे लोटस १-२-३ हे हिशेबतक्त्यांचे सॉफ्टवेअर मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय सुरू होत नसे. अशा फ्लॉपीवर मुद्दाम वेडावाकडा सेक्टर ठेवलेला असे. डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या डिस्ककॉपी या फ्लॉपीची नक्कल करणाऱ्या आज्ञेला तो उतरवता येत नसे. खानापूरसारख्या धो-धो पावसाच्या भागात फ्लॉपीला बुरशी लागली की रीतसर घेतलेले पॅकेजही गेले.

जुने लॉक २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला बसते आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत खोचतात. त्याला स्वतंत्र वीज नसते. पोर्टच्या सिग्नल वायरींवरूनच ते चालते. ‘लॉक सापडत नाही’ हा संदेश येण्याची बरीचशी कारणे इथेच आहेत. प्रिंटर जोडलेला पण बंद असेल तर तो वायरींवरचा विजेचा दाब खाली ओढतो आणि लॉक उपाशी राहते. आधी प्रिंटर चालू करून पाहावा किंवा त्याची केबल काढावी. मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर बायोसची, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ प्रोग्रॅमची सेटिंग मूळपदावर जाते; पॅरलल पोर्ट (हेच प्रिंटर पोर्ट) तिथे पुन्हा एसपीपी किंवा नॉर्मल मोडवर, पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ असा ठेवावा. दोन कंपन्यांची लॉक एकामागे एक असतील तर क्रम बदलून पाहावा. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. लॉक काढता-लावताना संगणक आणि प्रिंटर दोन्ही बंद हवेत: अर्थिंग नीट नसेल तर प्रिंटरमधली विजेची गळती थेट लॉकमधून जाते, आणि तेव्हा मात्र ते खरोखरच मरते. एवढे तपासल्याशिवाय लॉक गेले असे म्हणू नये.

नव्या संगणकावर अडचण वेगळी. यूएसबी-पॅरलल कन्व्हर्टर प्रिंटर चालवतो, लॉक नाही, कारण सॉफ्टवेअर थेट ३७८ या पत्त्यावर विचारणा करते आणि कन्व्हर्टरला तो पत्ताच नसतो. संगणकात वेगळे बसवलेल्या पीसीआय कार्डावरच्या पोर्टचा पत्ताही बहुधा निराळा येतो. विंडोज एक्सपी प्रोग्रॅमला पोर्टला थेट हात लावू देत नाही, म्हणून लॉकच्या कंपनीचा ड्रायव्हर लागतो. ६४ बिटी विंडोजवर जुना ३२ बिटी ड्रायव्हर बसत नाही आणि १६ बिटी प्रोग्रॅम मुळीच उघडत नाही. यूएसबी लॉक असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) ३२ बिटी एक्सपी टाकून लॉक तिकडे जोडता येते. लॉक तोडलेली चोरटी प्रत या सगळ्यातून सुटते. जाच होतो तो बिल फाडून घेणाऱ्याला.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार प्रोग्रॅम रीतसर बाळगणाऱ्याला हानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. कायद्याने मनाई न केलेल्या कामाला मात्र त्यातून सूट आहे. त्या कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या दुसऱ्याचे नाव, पत्ता आणि तपशील यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. दुरुस्तीवाल्यांच्या वहीत ती क्वचितच दिसते.

लॉक चालू आहे तोवर जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत काढून ठेवावा. फॉण्ट विंडोजच्या फॉण्ट्स फोल्डरमध्ये शिल्लक असतील तर लॉक गेल्यावरही पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरची फाइल बहुधा उघडते आणि छापते, फक्त टाइप करता येत नाही. द्विभाषिक फाइल कधीही साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करू नये. या जुन्या फॉण्टांत एकच सांकेतिक क्रमांक एका फॉण्टात मराठी तर दुसऱ्यात कन्नड अक्षर दाखवतो. टेक्स्टमध्ये फॉण्टचे नाव गळते आणि युनिकोड करणारा कन्व्हर्टर कन्नड ओळींचे मराठी कडबोळे करतो. आरटीएफ या फाइल प्रकारात फॉण्टचे नाव टिकते, म्हणून आधी आरटीएफ, मग एकेका भाषेचे रूपांतर, आणि शेवटी रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.