उगवतीचा चंद्र खरंच मोठा असतो का?

‘पौर्णिमेचा चंद्र उगवताना पृथ्वीच्या जवळ असतो, म्हणून मोठा दिसतो’ हा मेसेज दर कोजागरीला फिरतो. डोळ्यांना तसंच दिसतं, त्यामुळे पटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात मध्यरात्री डोक्यावर आलेला चंद्रच आपल्याला सुमारे ६,००० किलोमीटर जवळ असतो. क्षितिजावरचा मोठेपणा मेंदू घडवतो. चित्रकार तो परातीएवढा रंगवतात ते मला फार आवडतं. मनाला दिसलेलं रूप तेच.

पडताळायचं तर संध्याकाळी रंकाळ्यावर जा. हात लांब करून करंगळीचं नख चंद्रावर धरा, तो पुरता झाकतो. मोबाइलवर ठरावीक झूमने फोटो घ्या. मध्यरात्री दोन्ही पुन्हा करा. फोटोंतल्या चंद्राची रुंदी पट्टीने मोजा: जवळजवळ सारखीच भरेल.