डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया आणि स्टेरॉईडचे उपचार

डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया, डॉक्टर लोक नुसतं डीबीए म्हणतात, हा जन्मजात आणि फार क्वचित दिसणारा रक्ताचा आजार, दहा लाख जन्मांमागे साधारण ५ ते ७ बाळांना होतो. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स बहुतेक वेळा ठीक असतात, पण बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, लाल पेशी पुरेशा बनतच नाहीत. बहुतेकांमध्ये रायबोसोमच्या (पेशीत प्रोटीन बनवणारं यंत्र) प्रोटीनचा एखादा जीन बिघडलेला असतो, त्यातला पहिला, आरपीएस१९, १९९९ साली सापडला. बाळ दोन-तीन महिन्यांचं होता होता पांढरंफटक पडतं, दूध पिताना दमतं, आणि रक्त कमी म्हटलं की आपल्याकडे लगेच आयर्नचं टॉनिक सुरू होतं, पण इथे लोह कमी नसतंच त्यामुळे टॉनिकचा काही उपयोग होत नाही, उलट पुढे वारंवार रक्त चढवायला लागलं की अंगात लोह साठत जातं आणि ते बाहेर काढायला वेगळं औषध द्यावं लागतं.

आजाराचं नाव बोस्टनच्या ज्या दोन डॉक्टरांवरून पडलं त्यांनी तो १९३८ साली मांडला, स्टेरॉईडने गुण येतो हे कळलं १९५१ साली. स्टेरॉईड जीन दुरुस्त करत नाही, लाल पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या सुरुवातीच्या पेशींची संख्या त्याने वाढते असं मानतात.

पण निदान झालं की लगेच स्टेरॉईड असं नसतं. पहिलं वर्ष शक्यतो रक्त चढवूनच काढतात, कारण त्या वयात बाळाची वाढ झपाट्याने होत असते आणि गोवरासारख्या जिवंत (कमजोर केलेल्या जंतूंच्या) लसी स्टेरॉईडच्या जास्त डोसवर असताना देता येत नाहीत. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, दिवसाला किलोमागे २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त महिनाभर. साधारण ८० टक्के मुलांना सुरुवातीला गुण येतो, रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने बनलेल्या कोवळ्या लाल पेशी, आधी वाढतात, हिमोग्लोबिन मागून चढतं. खरी कसोटी डोस उतरवताना लागते. तो हळूहळू कमी करत, बऱ्याचदा एक दिवसाआडवर आणत, हिमोग्लोबिन टिकेल असा सगळ्यात छोटा डोस शोधायचा, आणि दिवसाला किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर स्टेरॉईड सोडून परत रक्तावर जाणंच बरं, नव्या शिफारशी तर ०.३ वरच थांबा म्हणतात. पालकांना हे हरल्यासारखं वाटतं, पण हिमोग्लोबिन छान आणि मूल उंचीला खुंटलेलं, हाडं ठिसूळ, डोळ्यात मोतीबिंदू, हा सौदा परवडणारा नाही. अ‍ॅनिमिया कायमचा जातो तो बोन मॅरो ट्रान्सप्लांटने, त्याला जुळणारा डोनर लागतो.

गोळी सकाळी, खाण्यानंतर द्यायची. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉईड एकदम बंद करायचं नाही, गावी जाताना बाटली घरी राहिली एवढ्यानेही घात होऊ शकतो कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉईड, बनवणं कमी केलेलं असतं, मग उलट्या होतात, बीपी पडतं. मोठा ताप आला किंवा ऑपरेशन असलं तर तेवढ्यापुरता डोस वाढवायलाही लागतो, तो किती ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावं.