बँकरप्सी केली तरी टॅक्स सुटत नाही?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय, "बँकरप्सी केली तरी इन्कम टॅक्सची बाकी कधीच माफ होत नाही." अर्धं खरं आहे, त्यामुळे पटतं पण लगेच.

चॅप्टर ७ मध्ये (दिवाळखोरीचा तो प्रकार ज्यात बरीचशी कर्जं थेट माफ होतात) जुना इन्कम टॅक्स माफ होऊ शकतो. रिटर्नची शेवटची तारीख (एक्स्टेन्शन घेतलं असेल तर ती धरून) केस टाकायच्या किमान ३ वर्षं आधीची हवी, रिटर्न तुम्ही स्वतः भरून किमान २ वर्षं झालेली हवीत, आणि टॅक्सची आकारणी होऊन किमान २४० दिवस. यातलं एक जरी हुकलं तरी बाकी तशीच राहते, आणि फसवणूक किंवा मुद्दाम चुकवेगिरी असेल तर विषयच संपला. मालकाने कामगारांच्या पगारातून कापलेला, पण सरकारकडे न भरलेला टॅक्सही सुटत नाही.

गोंधळ खरा पुढे होतो, केस बंद झाली म्हणजे सगळं माफ असं नाही, कारण डिस्चार्जची (म्हणजे कर्जमाफीची) कोर्टाची ऑर्डर छापील साच्यातली असते, कुठला टॅक्स गेला ते त्यात लिहिलेलंच नसतं! मग त्या त्या वर्षाचा अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे टॅक्स खात्याकडची तुमच्या खात्याची नोंद, काढा (IRS, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या साइटवर ऑनलाइन फुकट मिळतो), रिटर्न आणि आकारणीच्या तारखा बघा, केसच्या तारखेपासून उलटं मोजा. आधीच घरावर टॅक्सच्या बाकीचा लियन (सरकारी बोजा) लागलेला असेल तर तो मात्र घराला चिकटूनच राहतो.